चेंडूला हात न लावणारा पुतण्या

माझा पुतण्या अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळायचा. तिथला फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचे आणि डोक्यावर हेल्मेट घालून एकमेकांना आडवे करायचे, तो. त्याच्या खेळाविषयी अकोल्यातल्या लोकांना जे माहीत आहे ते सगळे मी सांगितलेले आहे, आणि ते खोटे आहे. वय झाले. आता ते सुधारून ठेवतो.

धाकटा भाऊ इंजिनिअर होऊन तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. घरात मात्र नवरा-बायको अमरावतीचेच राहिले, त्यामुळे पोरगा इंग्रजी तिथल्यासारखे आणि मराठी आमच्या गल्लीतल्यासारखे बोलतो. माझ्या एका पुणेकर मित्राने फोनवर आपुलकीने त्याच्या पगाराची चौकशी केली, तर त्याने सरळ विचारले, "तुमी काहून विचारून राहिले?" मित्र आठवडाभर दुखावलेला होता.

पोरगा लहानपणापासून अंगाने दांडगा. भावाने त्याला टेनिसला घातले, पण रॅकेट त्याच्या हातात चमच्यासारखी दिसायची. शाळेतल्या फुटबॉलच्या प्रशिक्षकाने त्याला जेवणाच्या रांगेत पाहिले आणि त्याच संध्याकाळी घरी फोन केला. पुढे कॉलेजकडून खेळला, मग एका मोठ्या संघाने घेतला, काढला, दुसऱ्याने घेतला. दर उन्हाळ्यात नवी पोरे यायची आणि आपले नाव संघात राहते की जाते याची धाकधूक असायची. त्याची आई त्या दिवसांत उपास करायची आणि तो दोघांचे जेवायचा.

त्याचे काम असे की चेंडू घेऊन पळणारा गडी वेगळा असतो, आणि पुतण्याने समोरच्या तेवढ्याच दांडग्या माणसाला छातीने अडवून, ढकलून त्या गड्याला वाट करून द्यायची. चेंडूशी त्याचा संबंध नाही. पुढे फेकलेला चेंडू झेलायला तर त्याला नियमानेच मनाई. आमच्या घरी पहिल्यांदा सामना पाहिला तेव्हा बायको म्हणाली, "आपला पोट्टा त्या मानसाच्या मांगं काहून लागला? काई भांडन झालं का?"

मी म्हणालो, खेळच तसा आहे.

"मंग चेंडू कधी देतात त्याले?"

कधीच नाही, हे उत्तर मला देववले नाही. मला त्याची लाज वाटली. पुढचे सगळे त्या लाजेतून झाले.

त्याचे लग्न त्याने स्वतःच जमवले. मुलगी अकोल्याची, तिकडे फिजिओथेरपिस्ट. खेळाडूंचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करता करता दोघांचे जमले. पण मुलीचा बाप म्हणाला, आधी तुमच्या घरचे कोणी येऊन मुलाविषयी समजावून सांगा. भावाला रजा नव्हती. मी घरातला मोठा, त्यात जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, म्हणून मला धाडले. अमेरिकेची माहिती याला असणार, असा भावाचा हिशेब.

मुलीच्या बापाचा फुलांचा ठोक व्यापार. जुन्या शहरात त्याचे घर, आणि त्या दिवशी त्या घरात सगळे भाऊबंद जमले होते. आलुबोंडे आले. मुलीच्या बापाने सुरुवात केली.

"पोरगा डॉक्टर हाये?"

"नाई."

"इंजिनेर?"

"नाई. खेळते."

"खेळते ते समजलं, ईवाई. करते काय?"

यावर बोलण्यापेक्षा दाखवलेले बरे, म्हणून मी फोनवर आलेला सामना त्यांच्या मोठ्या टीव्हीवर लावला. बर्फ पडत होता. दोन्हीकडचे गडी पूर्ण बाह्यांत, हेल्मेटात. एकाचाही चेहरा दिसत नव्हता. पाच-सात ढकलाढकली झाल्या, दर वेळी पुतण्या ढिगाऱ्याखाली गेला. मुलीचा काका म्हणाला, "भाऊ, याच्यातला आपला कोन्ता?"

माझे बोट ढिगाऱ्याकडे जायला हवे होते. तेवढ्यात एक सडपातळ गडी चेंडू घेऊन फटीतून निसटला आणि सुसाट पळाला. मैदानावरचे सगळे लोक उभे राहिले. माझे बोट त्याच्या मागे गेले.

"हा," मी म्हणालो. "हा आपला."

या गड्यांच्या पाठीवर आडनाव लिहिलेले असते. कॅमेरा पळणाऱ्याच्या पाठीवर आला की मी उठून टीव्हीपुढे उभा राहायचो, कधी पंखा कमी करायला, कधी जास्त करायला. मुलीच्या आईने विचारलेसुद्धा, "यायले गरम होऊन राहिलं का थंडी वाजून राहिली?"

"हरणावानी पयते," मुलीचा बाप म्हणाला, आणि लग्न ठरले. परतीच्या बसमध्ये मी ठरवले की लग्न झाले की खरे सांगू.

ईवाईंनी, म्हणजे आता व्याही झालेल्या मुलीच्या बापाने, मला ती सवड दिली नाही. त्यांनी त्या सामन्यातले, चेंडू छातीशी धरून उडी मारणाऱ्या गड्याचे चित्र मोठे करून घेतले, फ्रेम केली आणि बैठकीत लावली. फुलांचा माणूस. रोज सकाळी दुकानातली ताजी शेवंती फ्रेमच्या कोपऱ्यात खोचायचे.

लग्नाच्या दिवशी पुतण्या गाडीतून उतरला तेव्हा गाडी वीतभर वर उचलली गेली. ईवाई त्याच्याकडे खालून वर, मग आडवे पाहत राहिले.

"ईवाई, फोटोत तं बारीक दिसते."

"खेळ बंद असला का वजन वाढवाले सांगतात," मी म्हणालो.

"कोन सांगते?"

"डॉक्टर."

इथवर निभावले असते. पण जेवणानंतर त्यांच्याकडच्या पोरांनी लॉनवर पळण्याची शर्यत लावली आणि जावयाला ओढत नेले. त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मठ्ठ्याच्या ग्लासात पाहिले. तो पळाला. जरीच्या शेरवानीतला, बूट घातलेला मुलीचा मामासुद्धा त्याच्या पुढे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटले जावयाने मामाचा मान राखला.

नंतर तो एका बाजूला खुर्चीवर बसून गुडघ्यावर बर्फ लावत होता. मी जवळ गेलो.

"मोठे बाबा, मी पयतो असं तुमी सांगतलं यायले?"

"तसं झालं खरं."

"मंग मी करतो काय, ते नाई सांगतलं?"

"ते समजावाले कठीन होतं, बापा."

"हो," तो म्हणाला. "कठीन हाये." आणि त्याने बर्फ दुसऱ्या बाजूला धरला.

त्याने कोणाला काही सांगितले नाही, बायकोलाही सांगू दिले नाही. मोठ्या बाबांचा शब्द खाली पडू नये म्हणून. सून मात्र तेव्हापासून माझ्याशी फक्त माझ्या ब्लडप्रेशरविषयी बोलते.

पुढे गुडघा सुधारला नाही. संघाने त्याला मोकळे केले आणि तो एका शाळेत पोरांना शिकवू लागला. खेळ संपला तेव्हा मला कळले की त्याच्या माणसांपैकी कोणी त्याला खेळताना धड पाहिलेच नव्हते. ज्याला दाखवायला पाठवले होते, त्याने दुसऱ्याच गड्याकडे बोट केले होते.

यंदा तो येणार म्हणून ईवाईंच्या समाजमंडळाने त्याचा सत्कार ठरवला. ईवाईंनी मला फोन करून फ्लेक्सचा मजकूर वाचून दाखवला. "वऱ्हाडचा वारा" असे वर आणि खाली तो फ्रेममधला फोटो. "भूगोलाच्या हिशेबानं बराबर हाये ना?" त्यांनी विचारले. तो फ्लेक्स चौकात लागला असता आणि त्याच्याखाली उभे राहून पुतण्याला हार घालून घ्यावे लागले असते. मी दुपारची बस धरली आणि अकोल्याला गेलो.

सगळे सांगितले. ईवाई हातातला गजरा सोडून ऐकत होते. मग फ्रेमकडे मान वळवून म्हणाले, "मंग हा कोन हाये?"

"त्याच्याच संघातला."

"नाव?"

"मले नाई माहीत."

"मी याले रोज शेवंती वाहून राहिलो. आनि आपला कुठं हाये?"

"आपला याच्या पुढं असते."

"पुढं असते तं दिसत काहून नाई?"

"खाली पडेल असते."

ईवाई म्हणाले, "मार्केटात मी तोंड भरून सांगतलं. गोनी उचलनाऱ्या हमालापासून तं दलालापर्यंत. आता काय सांगू, जावई पडते म्हून?" चहा विचारला नाही. रागाच्या आवाजातच म्हणाले, "लावा टीव्ही. तोच सामना लावा."

मी लावला. या वेळी बोट बरोबर जागी धरले. पहिल्या ढिगाऱ्याला ईवाई तोंड वळवून बसले. दुसऱ्याला म्हणाले, "तो लाल मोज्यावाला याच्याच अंगावर काहून येते?" चौथ्याला त्यांनी खुर्ची पुढे ओढली. थोड्या वेळाने मुलीचा काका आला, आई आली. "धरून ठेव, सोडू नको त्याले," ईवाई टीव्हीला सांगू लागले. एका झटापटीत पुतण्याने लाल मोज्यावाल्याला उचलून मागे नेले आणि दोघेही पडले, वर आणखी चौघे पडले. घरातले सगळे उठून उभे राहिले. "उठला का? उठला का तो?" आई विचारत होती. तो उठला, गुडघा झाडला. मैदानात मोठा गलका चालू होता. गुण झाला होता, पळणाऱ्याने उडी मारली होती, फ्रेममधली तीच उडी. ती आमच्यापैकी एकानेही पाहिली नाही.

ईवाईंनी जावयाला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"जावई, त्या लाल मोज्यावाल्याले तुमी डाव्या खांद्यानं काहून घेतलं?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो सासऱ्याला म्हणाला, "मामाजी, तुमी कुठं पायलं?"

आणि बोलू लागला. तो गडी कसा फसवतो, त्याचे पाय कुठे पाहायचे, उजवीकडून सोडला असता तर मागच्या पोराचे काय झाले असते. मी त्याला इतके बोलताना कधी ऐकले नव्हते. ईवाई मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होते. शेवटी फोन माझ्याकडे दिला.

"माझं चुकलं, बापा."

"हो, चुकलं," तो म्हणाला. "लय राग आला होता, मोठे बाबा. लग्नाचा व्हिडिओ मी अजून पायला नाई."

त्याची शाळेची वेळ झाली होती, त्याने फोन ठेवला.

मग चहा आला. ईवाईंनी फ्लेक्सवाल्याला काम थांबवायला सांगितले आणि माझी शिक्षा ठरवली. सत्काराच्या दिवशी समाजापुढे उभे राहून पुतण्या काय करायचा ते मीच सांगायचे.

"सांगतो," मी म्हणालो.

"तसं नाई. लिहून आना आनि वाचा," ईवाई म्हणाले. "तोंडी सांगान तं पुन्हा कोनाले तरी पयाले लावसान."