काढ्याच्या बाटल्या

आई गेली तेव्हा मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला होते. घरात आम्ही दोघीच होतो, आता मी एकटी. तेरावं झाल्यावर ओट्याखाली आवराआवर करताना काढ्याच्या सात रिकाम्या बाटल्या सापडल्या, तिच्या शेवटच्या आजारपणात साठलेल्या. दम्यासाठी ती इतवारीतल्या एका लहानशा कारखान्याचा काढा घ्यायची. बाटलीवर छापलेलं असे, ‘रिकामी बाटली परत आणावी.’ तिथे त्या धुऊन, उकळून पुन्हा भरत. दवा तुमची, बाटली आमची, असं म्हातारे मालक गिऱ्हाइकांना बजावायचे.

मला त्या फेकवेनात. रविवारी आईच्याच पिशवीत भरून घेऊन गेले. मागच्या अंगणात हौदापाशी एक म्हातारी बाटल्या घासत बसली होती. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू तिची पोरगी होय ना? माय काहून नाही आली वं?”

मी सांगितलं. तिने हातातली बाटली खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. मग हळूहळू सांगू लागली. बाटली असो वा नसो, आई दर गुरुवारी दुपारी तिथे यायची. हौदाच्या कडेला बसून धुतलेल्या बाटल्या उन्हात उलट्या लावायची. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुपारी ती झोपत असेल, असं मी धरून चालले होते.

“तू दमून येतं, जेवतं अन् झोपतं म्हने. मले म्हने, तुह्यापाशी बसलं का बरं वाटते.”

तिच्या बोलण्यात दोष नव्हता. तरी मला वर बघवेना.

निघताना मी काढ्याची एक बाटली विकत घेतली. मला खोकला नव्हता, दमा नव्हता. कडू काढा रोज दोन चमचे घ्यायचा, संपला की बाटली घेऊन जायचं आणि त्या म्हातारीजवळ बसायचं, असं दोन-अडीच वर्षं चाललं. तिला मी मावशी म्हणायचे. आईबद्दल ती एवढं सांगायची की कधीकधी वाटे, माझ्यापेक्षा तिचंच जास्त गेलंय.

मालक वारल्यावर मुलाने काढा प्लास्टिकच्या बाटलीत भरायला घेतला. मी रिकामी बाटली परत नेली, तर तो म्हणाला, ही आता घेत नाही. मग हिचं करायचं काय, असं मी विचारलं.

“फेकून द्या ना, बाई. ती जबाबदारी आता आमची नाही.”

हौद कोरडा पडला होता. मावशी लेकीकडे गेली, उमरेडला, एवढंच त्याला माहीत होतं. तिचं नाव त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी एस.टी.ने उमरेडला गेले. विणकरांच्या गल्लीतून, बाजारातून फिरले. इतवारीत बाटल्या धुणारी म्हातारी, एवढीच खूण सांगत होते. लोक आपुलकीने विचारायचे, तिचं नाव काय? एका बाईने पाणी दिलं, ओसरीवर बसवलं. चारच्या गाडीने परत आले.