हळदीचा पोर्ट, कुंकवाचा पोर्ट

माझ्या गाडीचा हॉर्न ऐकला की बंद पडलेला लिनक्सवरचा कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, असं कुपवाडच्या एमआयडीसीत म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण आता बाकीचेही म्हणायला लागलेत. आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या ढगांना पोर्ट असता, तर पावसाचंही मी बघून घेतलं असतं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि एका वर्कशॉपमालकांचा फोन आला. इंटरनेट गेलं होतं. मी चहा पुरा पिऊनच निघालो; एवढा विश्वास. त्यांच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरचा तपासणी रिपोर्ट चारच्या आत गिऱ्हाइकाच्या साइटवर चढवायचा होता, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार होती. ती साइट फक्त या वर्कशॉपची लाइन ओळखायची; मोबाईलच्या नेटला दारातच उभं करायची. दोन वाजले होते.

कॉम्प्युटरला वायर खोचायचे दोन पोर्ट. एकाची वायर मशीनकडे, दुसऱ्याची इंटरनेटच्या राउटरकडे. दोन्हींचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. म्हटलं, वायरी ठणठणीत आहेत, दुखणं पोटात आहे. मालकांना दहा मिनिटं सांगितली. राउटर बंद-चालू केला, पत्ते बदलले, बाहेर जायचा रस्ता पुसून नवा लिहिला. इतक्या कमांड मारल्या की कीबोर्डवरची अक्षरं पुसट झाली. पिंग, म्हणजे पलीकडे कोणी आहे का म्हणून मारलेली हाक, जायचा तो डबक्यात बसलेल्या म्हशीसारखा तिकडेच राहायचा. दीड तास उलटून गेला. मालक घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालायला लागले.

तेवढ्यात लेथवरचे टर्नरमामा हात पुसत मागे येऊन उभे राहिले. माणूस म्हसवडचा, म्हणजे आमच्याकडचाच.

"गड्या, खंडेनवमीला त्या वायरी मीच काढल्या हुत्या."

मशीनबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होती, म्हणून मामांनी तो पुसायला घेतला होता. परत लावताना चुकू नये म्हणून एका वायरीला आणि तिच्या पोर्टाला हळदीचं बोट लावलं, दुसऱ्या जोडीला कुंकवाचं. हुशारी माझ्या तोडीची. मग पूजेला मालकांच्या आई आल्या आणि त्यांनी रीतीप्रमाणे सगळ्याच वायरींना आणि पोर्टांना हळदही लावली, कुंकूही लावलं.

"मग कुठली कुठं ते कसं ठरवलंत, मामा?"

"दिवं लागलं. म्हनलं, बसल्या."

दिवा फक्त वायर जिवंत आहे एवढंच सांगतो. पलीकडे कोण आहे ते सांगत नाही. हे मी लोकांना शिकवत हिंडतो.

राउटरच्या टोकाची वायर उपसली आणि पडद्यावर बघितलं. तिथं बंद पडलेला दिसला तो मशीनसाठीचा पोर्ट. वायरी उलट्या होत्या. अदलाबदल केली आणि सेटिंगची जुनी फाइल परत बसवली. बढाया कितीही मारीन, पण प्रत ठेवल्याशिवाय फाइलला हात लावत नाही. पिंग धावत परत आला. रिपोर्ट चढून 'मिळाला' अशी ओळ उमटली, तेव्हा चाराला सात मिनिटं होती. मालक दोन वाजल्यापासून पहिल्यांदाच खुर्चीत बसले आणि काय झालं होतं म्हणून विचारलं. मामा छताकडे बघायला लागले.

"रस्त्याचा गुंता होता," मी म्हटलं. "मामांनी बरोबर धरला."

मालकांनी लगेच आईंना फोन लावून ऑर्डर वाचल्याचं सांगितलं. पूजा यथासांग झाली होती म्हणूनच वाचली, असं आईंचं म्हणणं पडलं. मामांनी आणि मी, दोघांनीही गंभीरपणे मान डोलावली.