जादा तासातून सुटका

वाघमोडे सर रोज सकाळी आमच्यावर खोटे आरोप करत, तेही इंग्रजीतून. निपाणीतल्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजीत कच्च्या मुलांसाठी शाळेआधी एक जादा तास असे. सर एकेकाला उभं करून विचारत, "हेडमास्तरांची सायकल तू चोरलीस का?" आम्ही हाताची घडी घालून म्हणायचो, "येस सर." "तुझी म्हैस बेळगावला कलेक्टर आहे का?" "येस सर."

"बसा, चोरांनो," सर मराठीवर येत. "कोर्टात उभं केलं तर फासावर जाशीला सगळी."

हा तास कधी सुटावा, यावर शाळेत दोन मतं होती. हेडमास्तर म्हणत, पस्तीस मार्क पडले की नाव कमी. सहामाहीत मला एक्केचाळीस पडले. जादा तासवाल्यांना बाकीच्या मुली 'ढकलगाडी' म्हणत, त्यामुळे मला सुटायची घाई होती. पण सरांनी नाव कमी करू दिलं नाही.

"मार्क पाठांतराचं हाईत, पोरी. माझ्याशी इंग्रजीत भांड. जिंकलीस की सुटलीस."

"सर, तुमच्याशी कसं भांडू?"

"का गं? आईशी भांडतीस न्हवं?"

मी घरी येऊन रडले. आई विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग भांड की. मास्तर स्वतः सांगत्यात तर."

आठवडाभरानं सरांनी खिशातून विडी काढून वर धरली आणि इंग्रजीत मला म्हणाले, "तुझी आई भिकार विड्या वळते."

"नो सर! माय मदर गुड विडी! यू कफ, युवर मिस्टेक!"

सरांना हसता हसता खरंच ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी वहीतलं माझं नाव खोडलं. "व्याकरण येतंय मागनं. सुटलीस, जा."

दुसऱ्या दिवशी सवयीनं पुन्हा गेले. सर दारातच उभे होते.

"आता हितं काय हाय तुझं?"

"सर, आणखी थोडे दिवस..."

"न्हाय. तुझ्या जागंवर दुसरी बसलीया." आणि त्यांनी दार लावलं.

शाळा भरायला अजून तास होता. घरी जाववेना. पायरीवर बसून राहिले.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. गेल्या महिन्यात सर गेल्याचं पत्र आलं, तेही माती होऊन आठ दिवसांनी. मी रजा टाकली, पिशवी भरली, आणि मग कुठं जायचं ते सुचेना.