बंटीच्या गाडीचे बोल्ट

गॅरेजात किस्से साठवावे लागत न्हाईत. जुन्या नटबोल्टाच्या डब्यात हात घातला की पाहिजे तो सोडून बाकीचे समदे हाताला लागतात, तसंच हाय हे. आमचं गॅरेज पौडच्या पुढं, माल्याच्या अलीकडं. जागा माझी, हत्यारं सुदाम मिस्त्रीची. मी जन्मभर डिझेलच्या जीपा खोलल्या. आता खुर्चीत बसतो अन् सुदामच्या चुका काढतो. हे काम कुणीतरी करायलाच पाहिजे!

सध्या डबा भरलाय तो एकट्या बंटीमुळं. रस्त्याकडंची जमीन गेली अन् बंटीच्या दारात गाडी आली. क्लच न्हाई, गिअर आपोआप. त्यावर ह्यानं मोठा टर्बो बसवला. कशाला? तर ताम्हिणी घाटातली माकडं मागं पडली पाहिजेत म्हणून!

*

त्या गाडीत खालनं टकटक आवाज यायला लागला. शहरातल्या एका चकचकीत गॅरेजनं सांगितलं, "इंजिन गेलं." टर्बो बसवताना आधी एकदा ते उतरवून झालंच व्हतं. मग नानांनी, म्हणजे बंटीच्या बापानं, ओट्यावर बसून निकाल दिला, "पुन्हा इंजिन खोललं, की गाडी इकायची अन् ट्रॅक्टर आणायचा."

बंटी आमच्याकडं आला तो सुतकात असल्यागत. सुदाम गाडीखाली शिरला, कान लावला, बाहेर आला.

"इंजिन धडधाकट हाय. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट ढिल्ले झालेत."

चकचकीत गॅरेजात एसीचा आवाज लई असतो. गाडीचा आवाज कुटनं येतोय ते बिचाऱ्यांना ऐकू येत नसंल.

*

आता फ्लेक्सप्लेट म्हणजे काय, तर इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधली पोलादाची ताटली. इंजिनची समदी ताकद तिच्यातनं जाती, अन् तिला धरून असतात मूठभर बोल्ट. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर बंटीनं ती पहिल्यांदा बघितली.

"आबा, एवढ्या भारी गाडीत एवढा पातळ पत्रा?"

मी म्हणलं, "पातळ हाय म्हणून लवतो, लवतो म्हणून टिकतो. तू बी घरी जरा लवत जा!"

*

सुदाम म्हणला, बोल्ट नवेच पाहिजेत, ह्याच इंजिनाचे, चपट्या डोक्याचे. एकदा ताणलेला जुना बोल्ट परत लावायचा न्हाई. बंटी म्हणला, "मी मागवतो." मोबाईलवरनं मागवले. डबी उघडली तर मोराच्या पिसाऱ्यागत निळेजांभळे! अन् डोकी ही अशी उंच!

"टायटॅनियम हाय आबा!"

सुदामनं एक बोल्ट लावून दाखवला. "ह्याचं डोकं मागच्या कन्व्हर्टरला, गिअरबॉक्सच्या तोंडाच्या त्या डबड्याला, टेकंल."

"पण दिसतात कसले भारी!"

मी म्हणलं, "म्होरं इंजिन, मागं गिअरबॉक्स, मधी काळोख. तितं बघायला कोण येणार हाय, सोयरे?"

त्यातला एक आता नानांच्या खिडकीच्या कडीला हाय. तितं खरंच भारी दिसतो.

*

ह्यात माझी बी अक्कल निघाली. मी म्हणलं, "सुदाम, बोल्टाखाली स्प्रिंग वायसर टाक. मी जीपांना टाकत आलोय."

"आबा, हितं न्हाई चालत. हा बोल्ट ताणूनच धरतो. मधी वायसर चेपलं, की ताण गेला."

"माझ्या जीपा चालल्या की!"

"चालल्या की. तुमी मागनं ढकलत व्हता, अख्ख्या माल्यानं बघितलंय."

त्या दिवशी मी चहा एकट्यापुरताच सांगितला.

*

बरोबरचे बोल्ट आले. बंटीला हौस, "एक तरी मी लावणार." लाव बाबा. ह्यानं आट्यांना आधी तेल चोळलं, अन् वर आटे धरून ठेवणारा तो लाल डिंक फासला, लग्नात श्रीखंड वाढतात तसा.

सुदाम कावला. "तेलकट कपाळावर टिकली टिकती का रं? पूस ते. अन् डिंक एक थेंब!"

मग टॉर्क पाना हातात दिला. हवा तेवढा जोर झाला की तो 'कट्ट' वाजतो, वाजला की थांबायचं. ह्यानं वाजवला, परत वाजवला, अजून वाजवला.

"थांब की! देवळातली घंटा हाय का?"

बोल्टाचा तेवढ्यात काही जीव गेला न्हाई. सुदामचा मात्र जायचा राहिला.

*

समदे बोल्ट आवळले, समोरासमोरचे धरून. सुदामनं बोल्टाच्या डोक्यावरनं ताटलीपतोर पांढऱ्या रंगाची रेघ वढली. रेघ तुटली की समजायचं, बोल्ट फिरला. अन् आमी जेवायला गेलो.

येऊन बघतो तर समद्या रेघा तुटलेल्या!

सुदामचं तोंड उतरलं. कुणीतरी बोल्ट अजून आवळले व्हते. असले ताणलेले बोल्ट काढायलाच पाहिजेत. अन् इंजिनातले आटे सुटले असले, तर इंजिन खोलण्याबिगर इलाज न्हाई. इंजिन खोललं की गाडी गेली. बंटी मटकन टायरवर बसला.

समोर बाकड्यावर नाना, कधी आले कुणास ठाऊक. हातात पाना, पान्याला पाईप.

"नाना, तुमी हात लावला?"

"लावला की. अंगातला समदा जोर लावून आवळले. नांगराचे आवळतो तसे. पोराच्या हातचं काम, ढिल्लं राहिलं असतं."

"पाईप लावून?"

"मग काय दातानं?"

सुदाम एकेक बोल्ट सोडायला लागला. नाना बी उठून जवळ येऊन उभे राहिले. सुदामनं आत बोट फिरवलं, बॅटरी मारून बघितलं.

"आटे शाबूत हायेत."

बोल्ट भंगारात गेले, परत नवे आले, परत तीच सगळी पूजा. ह्या खेपेला जेवताना नानांना आमी मधी घेऊन बसलो. मग गिअरबॉक्स वर चढवला.

आमच्या गॅरेजची रीत हाय, बोल्टाला ज्याचा ज्याचा हात लागला त्यानं ट्रायलला गाडीत बसायचं. नाना म्हणले, "माझा हात लागलेले तर भंगारात गेले." सुदाम म्हणला, "बसा गुमान!"

बंटी चालवायला, शेजारी सुदाम, मागं नाना अन् मी. मागं बाप बसलेला, त्यामुळं बंटीनं ती गाडी ताम्हिणीपतोर वरातीच्या घोड्यागत नेली. टकटक न्हाई, काही न्हाई. धाब्यावर भजी खाल्ली. नानांनी दुसरी ताटली मागवली.

शेवटी बंटीनंच धीर केला. "नाना, मग गाडी ठेवायची नव्हं?"

नाना हात पुसत उठले. गाडीभवती एक चक्कर मारली अन् ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन थांबले.

"चावी आण हिकडं. तू बस मागं. तुला चालवता येत न्हाई."