छापलेलं आणि वहिनींचं

मालतीवहिनी गेल्या, हे पूर्णा स्टेशनच्या पोर्टरने सकाळी दारात येऊन सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. रडू फुटायच्या आधी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली... आता भागाबाईला कोण सांगणार? परभणीच्या दवाखान्यात नेताना वहिनी डब्याच्या खिडकीतून मला म्हणाल्या होत्या, "सुमन, भागाबाई मेंढरं घेऊन परत आली आणि मी नसले, तर तिला खरं काय ते सांग. काहीबाही सांगत बसू नकोस." मी हो म्हटलं. त्या बऱ्या होऊन येणार याची मला खात्री होती, म्हणून म्हटलं. वहिनी गेल्या त्याला आता महिना उलटून गेला. भागाबाई मेंढरं घेऊन येलदरीच्या बाजूला होती आणि इकडे मी दुपारी कडी वाजली की दचकत होते. मी जात्याच घाबरट. वहिनी चिडवायच्या, "एखाद दिवशी गाडी रुळावरून घसरली ना, तर तुझ्या धसक्यानंच घसरायची!"

आमची घरं रेल्वेच्या चाळीत भिंतीला भिंत लागून. त्यांचे यजमान गार्ड, माझे बुकिंग ऑफिसात. वहिनी माझ्याहून बऱ्याच मोठ्या, माहेर पोखर्णीचं. त्यांचे वडील तिथल्या नरसिंहाच्या देवळात चातुर्मासात पोथी सांगायचे. शाळेत त्या काळी सगळा उर्दूचा कारभार, तेव्हा मराठी अक्षरं वहिनी शिकल्या त्या वडिलांच्या मांडीवर बसून, पोथीवर बोट फिरवत. त्यामुळे झालं असं की, त्यांनी काहीही वाचलं तरी ते पोथीसारखंच ऐकू यायचं. ओळीखाली बोट, आवाजाला हेल, आणि पान उलटण्याआधी एक छोटासा श्वास. रेल्वेचं परिपत्रक वाचलं तरी ऐकणारीने हात जोडावेत!

पोलिस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. शाळांतून मराठी आलं, पण आमच्या चाळीत मराठी पुस्तक म्हणून काही येत नव्हतं. एके दिवशी गार्डसाहेबांना पॅसेंजरच्या रिकाम्या डब्यात एक कादंबरी सापडली. कुणी मागायला आलं नाही, तेव्हा ती घरी आली. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत. तिचं नाव काय आणि लिहिली कुणी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. वहिनींनी ती लाल फडक्यात बांधली आणि दुपारी ओट्यावर वाचायला बसू लागल्या. चाळीतल्या बायका जमायच्या. दूध घालायला येणारी भागाबाई, धनगरवाड्यावरची, दुधाची कासंडी बाजूला ठेवून पायरीवर टेकायची. पहिल्याच दिवशी तिने पुस्तकाला हळदकुंकू लावलं. मोठ्याने वाचतात ती पोथी, आणि पोथीत असतं ते घडलेलं, एवढंच तिला ठाऊक. "ही मंडळी कंच्या गावची वो, बाई?" ती विचारायची. वहिनी हसून म्हणायच्या, "लांबची." आम्हीही हसायचो. तेव्हा गंमत वाटायची.

कादंबरीत माधव नावाचा मुलगा होता. तो बापाशी भांडून घर सोडतो आणि आई रोज दारात दिवा ठेवून वाट बघते. ही आई भागाबाईला फार जवळची झाली. कारण उघड होतं. तिचा सोपान पोलिस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत गावातल्या पोरांबरोबर पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जायला निघाला, तो परत आला नव्हता. कुणी म्हणे नदीला पाणी होतं, कुणी म्हणे नदीच्या अलीकडेच गोळी लागली, कुणी म्हणे अमक्याने त्याला यवतमाळच्या बाजारात पाहिलं. भागाबाई यावर चकार शब्द काढत नसे. दीर म्हणायचा, पोराचं पित्र घाल. ती घालत नसे. तिच्यासमोर नदीचं नाव काढायला सगळी वस्ती बिचकायची.

अशात एका दुपारी वाचता वाचता वहिनी थांबल्या. पान उलटून झालं होतं, श्वास घेऊन झाला होता, आणि आवाज फुटेना. माधव नावेत बसला होता, नदी भरून आली होती... "पुढं वाचा की वो, बाई," भागाबाई म्हणाली. "पोराला पाण्यानं न्हेलं का काय?" तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी तांदूळ निवडायची थांबले. वहिनींनी बोट ओळीवर ठेवलं आणि त्या वाचू लागल्या. नाव उलटली, पण माधव पोहत पोहत काठाला लागला. भागाबाईने पदराने घाम पुसला आणि कासंडी उचलून गेली. मलाही हायसं वाटलं.

मी वहिनींच्या शेजारीच बसत असे. पुढे काही दिवसांनी सहज पुस्तकात डोकावले. वहिनी वाचत होत्या की माधव मनमाडला एका खानावळीत पोळ्या लाटतो आणि आईच्या आठवणीने त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांच्या बोटाखाली केसांच्या तेलाची जाहिरात होती. कादंबरी केव्हाच संपली होती! लांब केसांच्या बाईच्या चित्रावरून बोट फिरवत वहिनी माधवला जगवत होत्या, पान संपलं की मागे जाऊन पुन्हा पुढे येत होत्या. बायका गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, छापलंय काय आणि वाचताय काय?"

"तो बुडतो गं," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडाकडं बघून मला ते वाचवलं नाही."

"आणि तिला कळलं तर?"

"कोण सांगायलंय तिला? तू?"

मी कशाला सांगते? पण त्या दिवसापासून माझं ऐकण्यातलं सुख संपलं. कुणी पुस्तकाकडे मान वळवली की मी मध्येच पाणी विचारायची, काहीतरी सांडायची. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, कादंबरी म्हणजे मुळात रचलेलंच, त्यात आणखी थोडं रचलं तर काय बिघडलं? मीही वहिनींना हेच म्हणून त्यांची आणि माझी समजूत घालत होते. त्या मान हलवायच्या. "लिहिणाऱ्यानं रचलं ते त्याचं त्यानं रचलं. मी माझं रचलेलं त्याच्या जिवावर खपवायले. भागाबाई माझ्यावर नाही, छापलेल्यावर भरोसा ठेवायली." हे सगळं कळत होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माधव पोळ्या लाटत होता.

मग व्हायचं ते झालं. एका दुपारी आमच्या यजमानांनी पोर्टरला धाडलं. भागाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन मनमाडचं तिकीट मागायली म्हणून. आम्ही दोघी तशाच धावत प्लॅटफॉर्मवर गेलो. ती बाकावर बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. "पोराला हुडकाया चालले," ती म्हणाली. "मेंढरं जावंवर सोपवली."

वहिनी तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या आणि तिचे हात धरून म्हणाल्या, "भागाबाई, मनमाडचं पुस्तकात नाही. ते मी माझ्या मनानं सांगितलं. खोटं सांगितलं." भागाबाईने हात सोडवून घेतले. "मला जाऊ द्यायचं न्हाई म्हणून आता झूट बोलायलाव व्हय, बाई? सगळ्यांच्या म्होरं वाचलंय तुमी. इतके दिस पोथी खोटी आन आज तुमी खऱ्या?" वहिनींनी परोपरीने सांगितलं, मीही सांगितलं. तिला काही पटेना. गाडी आली. एवढ्या मोठ्या स्टेशनात म्हातारी एकटी फिरणार! वहिनींनी काय करावं? मला म्हणाल्या, "यांना सांग," आणि अंगावरच्या लुगड्यानिशी तिच्यामागे डब्यात चढल्या.

ते तीन-चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गार्डसाहेब घरात येरझारा घालत होते. मनमाडहून येणारी प्रत्येक गाडी मी फाटकाशी उभी राहून पाहत होते. मला वाटायचं, पोरगा सापडला नाही म्हणून ही बाई तिथेच कुठे जीव देईल आणि वहिनी तोंड दाखवायला परत येणार नाहीत. शेवटी दोघी उतरल्या. भागाबाई सरळ वाड्याकडे निघून गेली. वहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या,

"सुमन, ती सोपानला शोधत नव्हती गं."

पहिल्याच खानावळीत भागाबाईने मालकाला विचारलं होतं, "माधव नावाचा पोरगा हाय का वो हितं? नाक लांब, कानाखाली तीळ हाय." वहिनी गांगरल्या. तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, सोपानचं नाव सांग ना." तेव्हा ती म्हणाली, "सोपान न्हाई राह्यला, बाई. कवाच उमगलंय मला, नुसतं तोंडानं म्हणले न्हाई. पर ह्या माउलीचं लेकरू जित्तं हाय. ती तिकडं दिवा लावून बसली, आन पोरगं हितं उपाशी निजायलंय. कुणीतरी सांगाया नको का त्याला?" आणि मग दोघी खानावळीमागून खानावळी हिंडल्या. वहिनींनीही विचारलं, माधव आहे का म्हणून. दुसरं काय करणार होत्या?

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बायकांना बोलावलं नाही. भागाबाई आणि मी, दोघीच. त्यांनी नदीचं पान काढलं आणि जे छापलं होतं ते तिथून शेवटपर्यंत वाचलं. नाव उलटते. माधव बुडतो. आई दिवा लावत राहते. बोट ओळीवरून हललं नाही, पण आवाज दोनदा फाटला. भागाबाईने विचारलं, "हे छापलेलं हाय?"

"हो."

"आन मनमाडचं?"

"ते माझं."

ती पायरीवरची माती उकरत राहिली. मग तोंडात पदर कोंबून जी रडली, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. माधवसाठी रडता रडता ती सोपानचं नाव घेऊ लागली. जाताना म्हणाली, "तुमचंबी चांगलं व्हतं, बाई. पर सांगायचं का न्हाई, की माझं हाय म्हणून?"

त्या वर्षी सर्वपित्रीला तिने प्रथमच सोपानच्या नावाने पान वाढलं आणि शेजारी दुसरं माधवच्या नावाने. हे कळल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "मी एक पोरगं वाचवायला गेले आणि तिला दोघांचं पान वाढायला लावलं." मी म्हटलं, निदान एक तरी वाढलं गेलं ना! त्यांना ते पटलं की नाही, कुणास ठाऊक. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही.

वाचन मात्र सुटलं नाही. पुढे आणखी पुस्तकं मिळाली. भागाबाई पायरीवर टेकली की पहिला प्रश्न ठरलेला, "आजचं छापलेलं हाय का तुमचं?" वहिनी खरं ते सांगायच्या. कधी ती स्वतःच म्हणायची, "आज छापलेलं ऱ्हाऊ द्या, तुमचं सांगा." मग वहिनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवायच्या आणि अशी एकेक थाप मारायच्या की चाळ हसून बेजार व्हायची. एवढ्या वर्षांत तो प्रश्न विचारायची ती एकदाही विसरली नाही.

तेराव्याला गार्डसाहेबांनी लाल फडक्यातली ती कादंबरी मला आणून दिली. मी ती फडताळात ठेवली. परवा दुपारी कडी वाजली. दारात भागाबाई, हातात कासंडी, पाय धुळीने भरलेले. "बाईच्या दाराला कुलूप कसं?"

मी काय सांगायचं ते महिनाभर घोकत होते, आणि तोंड उघडलं ते भलतंच बोलून गेलं. "वहिनी पोखर्णीला गेल्यात, भावाकडे. दम्याचा जरा त्रास होता ना... येतील पावसाळ्याच्या तोंडाला." अगदी घडाघडा. माझं मलाच आश्चर्य वाटलं, इतकं सराईत.

भागाबाई माझ्या खांद्यावरून आत बघत होती. फडताळाचं दार उघडं होतं आणि लाल फडकं दिसत होतं. वहिनींच्या हयातीत ते त्यांच्या घराबाहेर कधी गेलं नव्हतं. तिने कासंडी खाली ठेवली.

"हे छापलेलं हाय का तुमचं?"

"माझं," मी म्हटलं.

ती पायरीवर बसली. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. "मग छापलेलं सांगा."

मी पुस्तक आणून फडकं सोडलं आणि ते मांडीवर उघडलं. तेलाच्या जाहिरातीचं पान निघालं, हळदीचे डाग पडलेलं. त्यावर बोट ठेवलं, एक श्वास घेतला, आणि मालतीवहिनी गेल्या, असं तिला वाचून दाखवलं.