मामांची करुणा

आमचे मामा देवळातली नक्षी पुसतात. गावातलं जैन मंदिर इतकं कोरलंय, की छिन्नी कुठे थांबवायची हे शिल्पकाराला कुणी सांगितलंच नसावं. त्याची शिक्षा मामा भोगतात. नर्तकींच्या बोटांत धूळ, हत्तींच्या कानांमागे धूळ. दिवसभर हातात मऊ कुंचला आणि मान वर. जाळं दिसलं तर आधी कोळ्याला अलगद कुंचल्यावर घेऊन बागेत सोडायचं, मग जाळं काढायचं. तिथे जीव मारायचा नाही.

मामींना हे मंदिर मामांनी कधी दाखवलंच नव्हतं. "काय बघायचंय? धूळच आहे." शेवटी रविवारी त्या मला सोबतीला घेऊन थेट हजर झाल्या.

सगळे लोक तोंड वासून छताकडे बघत होते. मामा तेवढे फरशीकडे. मामींचं लक्ष खांबांवर गेलं. घर झाडणाऱ्या बाईची नजर! मामांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत खांब लख्ख. त्याच्या वर नर्तकींच्या खांद्यांवर धूळ, आणि छतातल्या कमळाला जाळीच जाळी.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. "वहिनी, तुमचे यजमान संतच! कोळ्याचं घर मोडवत नाही म्हणून जाळी तशीच ठेवतात. केवढी करुणा! पण आता फार झालं. उद्या शिडी लावून घुमट पुसायलाच हवा."

"करुणा? घरात झुरळ दिसलं की यांच्या हातात चप्पल असते."

मला हसू फुटलं. मामांनी असं पाहिलं, की ते गिळावं लागलं.

मामी हसल्या नाहीत. "अहो, वर बघा जरा."

"रोजच बघतो."

"आत्ता बघा."

मामांनी मान उचलली आणि दुसऱ्याच क्षणी खांबाला मिठी मारली. डोळे मिटलेले, कपाळावर घाम.

"कधीपासून गरगरतंय?"

"झाले काही महिने," मामा पुटपुटले.

मामी व्यवस्थापकांकडे वळल्या. "उद्या शिडीवर हे चढणार नाहीत."

संतपदावरून मामांना इतक्या झटपट खाली उतरवणं व्यवस्थापकांना जड गेलं. "दुसरा माणूस बघतो," म्हणत ते निघून गेले.

मामा पायरीवर बसले. "घालवलंस माझं काम."

"खालचं आहे की. खाली काय धूळ कमी आहे?"

मामा कुंचला गुडघ्यावर झटकत राहिले. मामीही शेजारी टेकल्या. छत निवांत बघायचं दोघांचंही राहूनच गेलं.