वहिनीचे प्रात्यक्षिक

आमची वहिनी मुलांना रागावत नसे असे नाही. पण रागावण्याआधी तिला पुरावा लागे. उपद्व्याप उघडकीला आला, की कमरेवर हात ठेवून ती विचारी, "कसं केलंस? करून दाखव." निष्कर्षाआधी प्रयोग! तिच्या विज्ञान पदवीधर नणंदेला, म्हणजे मला, ही पद्धत तत्त्वतः निर्दोष वाटे. नुकसान मात्र दुप्पट होई. चार वर्षांच्या बाळ्याने लोणच्याची बरणी कशी फोडली हे तिला नीट कळले, तेव्हा घरात एकही बरणी उरली नव्हती.

तारापूरला वीजकेंद्र उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. दादा बांधकामावर ओव्हरसियर होता. बोईसरच्या दोन खोल्यांतून तो अंधारात निघे आणि अंधारातच परते. दिवसभर उरत बाळ्या, दीड वर्षाची चिंगी, वहिनी आणि मी. भाकऱ्या थापताना वहिनी मला प्रश्न विचारून हैराण करी. अणू फुटतो म्हणजे आवाज होतो का? तो फुटताना कोणी पाहिला? वर बजावी, "वन्सं, हे बाळ्यासमोर नको. फोडायला बसेल."

केंद्राच्या प्रयोगशाळेसाठी प्रशिक्षणार्थी निवडायचे होते आणि मला मुलाखतीचे बोलावणे आले. ती जागा मिळाली नाही, तर मला गावी परतायचे होते. तिथे वडील स्थळे पाहून तयारच होते. मुलाखतीच्या सकाळी मी पातळाच्या निऱ्या घालते आहे, तोच बाळ्या येऊन शांतपणे म्हणाला, "आत्या, माझ्या नाकात वाटाणा गेला."

दारात बोंबिलांची पाटी उतरवून कोळीण बसली होती. वहिनीच्या ओठांवर तो प्रश्न आलेला पाहून ती ओरडली, "आवो वयनी, इचारू नका! दुसरा पन घालील!"

पण वहिनी विचारून चुकली होती आणि बाळ्याने दुसऱ्या नाकपुडीत दुसरा वाटाणा तत्परतेने बसवूनही दाखवला होता.

वाळलेला वाटाणा ओलाव्याने किती फुगतो, याचे गणित माझ्या डोक्यात धावू लागले. मी पर्स खाली ठेवली. "मी येते डॉक्टरांकडे. मोटार गेली तर गेली."

"मुळीच नाही," वहिनी कडाडली. "नाक माझ्या मुलाचं आहे, मुलाखत तुमची आहे. निघा!"

"भांडता काय? ही तपकीर हाय ना," म्हणत कोळणीने चिमूट बाळ्याच्या नाकाशी धरली. बाळ्या शिंकला. पहिला वाटाणा भिंतीवर आपटला. दुसरा, बऱ्याच ऐवजासह, थेट माझ्या पातळावर! पोटभर हसत वहिनीने ट्रंक उघडली, आपले माहेरचे निळे रेशमी पातळ मला भराभर नेसवले आणि कोपऱ्यावर सुटू पाहणाऱ्या मोटारीत मला अक्षरशः ढकलले.

मी निवडली गेले!

प्रशिक्षणासाठी मुंबईला निघाले, त्या दिवशी वहिनी दोन्ही मुलांना घेऊन स्टेशनवर आली. गाडी येईपर्यंत ती एकसारखी हसवत होती. मी डब्यात चढल्यावर तिने खिडकीचे गज धरले. "वन्सं, आता दिवसभर माझ्याशी चार वर्षांवरचं कोणी बोलणार नाही हो," म्हणाली, आणि हसायचे राहूनच गेले.

गाडी हलल्यावर माझ्या ध्यानात आले : मला मोटारीत ढकलताना हे तिला पुरते ठाऊक होते.